भल्लातक : ग्रंथोक्त गुण, प्रयोगशाळेतील पुरावा आणि आपली जबाबदारी

जुळत आलेल्या कामात कोणी विघ्न आणले की 'त्याने बिब्बा घातला' असे आपण सहज म्हणतो. ज्या फळाच्या नावाने मराठी भाषेत असा वाक्प्रचार रूढ झाला, त्याच फळाला चरकाचार्यांनी रसायनाध्यायात मानाचे स्थान दिले आहे. अग्नीसारखे तीक्ष्ण, परंतु विधिपूर्वक योजल्यास अमृतासमान, असा त्याचा दुहेरी गौरव संहितेत आढळतो. विष आणि अमृत या दोन टोकांच्या मध्ये बिब्ब्याचे नेमके स्थान कोणते, आणि आज त्याच्या नावावर जे दावे केले जातात त्यांना शास्त्रीय आधार किती, याचा विचार प्रस्तुत लेखात करण्याचे आम्ही योजिले आहे.

या विषयाकडे वळण्यास दोन प्रसंग कारणीभूत झाले. घाटंजीकडील एक भगिनी दोन्ही हातांच्या बोटांना फोड, चेहऱ्यावर सूज आणि असह्य कंड घेऊन आमच्याकडे आल्या. बिब्बे फोडून त्यातील गोडंबी काढणे हा त्यांचा हंगामी व्यवसाय. दुसऱ्या रुग्णेच्या स्तनात गाठ होती. 'बिब्ब्याने कर्करोग मुळासकट जातो' या ऐकीव माहितीवर विसंबून त्यांनी कित्येक महिने केवळ बाटलीतले भल्लातक तेल घेतले होते. त्या आमच्याकडे आल्या तेव्हा काखेतही गाठी लागत होत्या. पहिल्या प्रसंगात फळाचे विषत्व दुर्लक्षिले गेले होते, तर दुसऱ्यात त्याच्या गुणांचा विपर्यास झाला होता. दोन्ही ठिकाणी वैद्याचा योग्य शब्द वेळेवर पोहोचला नव्हता, ही खंत आम्हास आहे.

परिचय

भल्लातकाचे वनस्पतिशास्त्रीय नाव सेमेकार्पस अ‍ॅनाकार्डियम. आंबा आणि काजू ज्या कुलातील, त्याच कुलातील हा वृक्ष. यवतमाळ जिल्ह्यातील शुष्क पानगळीच्या वनांत साग, धावडा, सालई, तेंदू यांच्या सोबतीने तो आढळतो. कोलाम, गोंड, आंध आदी वननिवासी समाजांना त्याची चांगली ओळख आहे. फळ हिवाळ्यात पिकते. त्याच्या बुडाशी नारिंगी रंगाचा मांसल देठ असतो; तो वाळवून खातात. वरचे काळे कवच दाहक तेलाने भरलेले असते, आणि आतील पांढरा मगज म्हणजे गोडंबी ही बाळंतिणीच्या लाडवांत घालण्याइतकी सौम्य व पौष्टिक असते. एकाच फळात तीन निराळ्या प्रकृतीची द्रव्ये नांदतात. ही साधी गोष्ट पुढील सर्व विवेचनाची किल्ली आहे, म्हणून वाचकांनी ती ध्यानात ठेवावी.

ग्रंथांतील उल्लेख

भावप्रकाशानुसार भल्लातक रसाने कषाय व मधुर, विपाकाने मधुर, वीर्याने उष्ण आणि गुणांनी लघु, तीक्ष्ण व स्निग्ध आहे. चरकाने दीपनीय, कुष्ठघ्न आणि मूत्रसंग्रहणीय या दशेमानींत त्याची गणना केली आहे. शुष्क अर्शात भल्लातक श्रेष्ठ आणि स्रावी अर्शात कुटजत्वक् श्रेष्ठ, हा वाग्भटांचा विवेक सर्व वैद्यांना परिचित आहे. कफज विकार व विबंध यांवर या फळाची ख्याती विशेष आहे.

गुणवर्णनापेक्षा वापराच्या अटी संहितेत अधिक बारकाईने दिल्या आहेत. चिकित्सास्थानाच्या पहिल्या अध्यायातील दुसऱ्या पादात फळे निर्दोष व परिपक्व घ्यावीत, यव किंवा माषाच्या राशीत चार महिने ठेवावीत आणि हेमंतात, शीत, स्निग्ध व मधुर द्रव्यांनी शरीर तयार करून मगच प्रयोग आरंभावा असे सांगितले आहे. दहा फळांपासून सुरुवात, रोज एक वाढवीत तीसपर्यंत, मग त्याच क्रमाने उतार. मुखाच्या आतून तुपाचा लेप. औषध पचल्यावर दूध-तुपासह भात, असा तो विधी आहे. आजच्या रुग्णाला ही मात्रा देऊ नये हे उघड आहे. तथापि द्रव्य, संस्कार, काल, प्रकृती आणि पथ्य या पाच अटी वगळून नुसती फलश्रुती उचलणे म्हणजे ग्रंथाचा अर्धाच भाग वाचणे होय.

दाहाचे रसायनशास्त्र

कवचातील तेलात भिलावनॉल नावाची फिनॉलवर्गीय द्रव्ये असतात. कॅटेकॉलच्या वलयाला पंधरा कार्बनची लांब साखळी जोडलेली, अशी त्यांची रचना. अमेरिकेतील 'पॉयझन आयव्ही' या कुप्रसिद्ध वेलीतील उरुशिऑलशी तिचे निकटचे साम्य आहे. लांब साखळीमुळे हे द्रव्य त्वचेच्या स्निग्ध थरात सहज शिरते. तेथे त्याचे ऑक्सिडीकरण होऊन क्विनोन तयार होते आणि ते त्वचेतील प्रथिनांना घट्ट चिकटते. शरीराची संरक्षक यंत्रणा या बदललेल्या प्रथिनांना परके समजते. पहिल्या संपर्कात केवळ ओळख पटते. पुढील संपर्कात टी-पेशी हल्ला चढवितात आणि साधारणतः एक ते तीन दिवसांत फोड, सूज व कंड उद्भवतात. 'बिब्बा उतला' असे आपण म्हणतो ती अवस्था हीच.

यातून व्यवहाराचा एक निष्कर्ष निघतो. 'मागच्या वेळी काही झाले नाही, म्हणून या वेळीही होणार नाही' हा युक्तिवाद बिब्ब्याच्या बाबतीत चुकीचा आहे. पहिल्या वेळी काही न होणे हे पुष्कळदा दुसऱ्या वेळच्या उद्रेकाची तयारी असते.

याच तेलाचा काळा, न निघणारा डाग परीट कपड्यांवर खुणेसाठी वापरीत. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात भारतात आलेल्या अमेरिकन सैनिकांच्या अंगावर, कपड्यावरील खूण जेथे टेकत असे नेमके तेथेच पुरळ उठू लागले. १९४३ मध्ये अमेरिकन वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात या विकाराचे वर्णन प्रसिद्ध झाले. धुऊन वाळलेल्या कपड्यावरील एवढीशी खूणही पुरेशी ठरते, यावरून या द्रव्याच्या तीव्रतेची कल्पना यावी.

पुराव्याच्या पायऱ्या

'संशोधनाने सिद्ध' हे शब्द आता औषधांच्या वेष्टनांवर सर्रास दिसतात. कोणत्या संशोधनाने आणि कशावर सिद्ध, हे मात्र क्वचितच सांगितले जाते. काचपात्रातील पेशींवरील निरीक्षण ही पहिली पायरी, प्राण्यांवरील प्रयोग ही दुसरी, थोड्या रुग्णांवरील अनुभव ही तिसरी आणि तुलनेसाठी दुसरा गट ठेवून केलेली नियंत्रित चाचणी ही चौथी. खालच्या पायरीवरचा निष्कर्ष वरच्या पायरीचा म्हणून सांगणे हा रुग्णाशी केलेला अपलाप होय. या कसोटीवर भल्लातकाचे प्रमुख दावे तपासू.

*शोथ व आमवात.* येथील पुरावा बराच समाधानकारक आहे. १९६९ मध्येच भल्लातकाच्या शोथहर क्रियेचा प्राथमिक अभ्यास भारतीय शरीरक्रिया व औषधशास्त्राच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. पुढे मद्रास विद्यापीठातील संशोधकांनी सिद्ध परंपरेतील 'सेरांकोट्टै नेय' या कल्पावर दीर्घकाळ काम केले. कृत्रिमरीत्या संधिशोथ उत्पन्न केलेल्या उंदरांत या कल्पाने पंजांची सूज उतरली आणि ऊतींचा नाश करणाऱ्या विकरांचे प्रमाण घटले. मोहाली येथील राष्ट्रीय औषधनिर्माण शिक्षण व संशोधन संस्थेतील अभ्यासकांनी २००४ मध्ये बियांतून एक बायफ्लेव्होनॉइड वेगळे करून ते सायक्लोऑक्सिजिनेज या विकराला रोखते असे दाखविले. अ‍ॅस्पिरिनसारखी वेदनाशामके याच विकरावर काम करतात. म्हणजे क्रिया दिसते आणि तिचा एक संभाव्य मार्गही दिसतो. मानवी रुग्णांवरचे काम मात्र प्रामुख्याने पदव्युत्तर प्रबंधांतील लहान अभ्यासांच्या स्वरूपाचे आहे. 'आशादायक, परंतु चौथ्या पायरीवर अपुरे', असे याचे प्रामाणिक वर्णन होईल.

*कर्करोग.* हा दावा सर्वांत गाजलेला आणि सर्वांत धोक्याचा आहे. १९८० मध्ये मुंबईच्या कर्करोग संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांनी प्राण्यांतील प्रायोगिक अर्बुदांवर फळाच्या अर्काची क्रिया नोंदविली. मद्रास विद्यापीठाच्या गटाने अफ्लाटॉक्सिनने उत्पन्न केलेल्या यकृताच्या आणि रसायनाने उत्पन्न केलेल्या स्तनाच्या कर्करोगात, उंदरांवर, अनुकूल परिणाम दाखविले. २००७ मध्ये मानवी स्तनकर्करोगाच्या पेशी काचपात्रात या अर्काने नाश पावतात असेही प्रसिद्ध झाले. हे सर्व काम मोलाचे आहे आणि त्याचा आम्हास अभिमान वाटतो. परंतु ते पहिल्या दोन पायऱ्यांवरचे आहे. काचपात्रात कर्कपेशी मारणारी द्रव्ये हजारोंनी सापडतात. त्यांपैकी रुग्णाच्या शरीरात सुरक्षित राहून उपयोगी पडणारी फार थोडी. भल्लातकाने रुग्णाचा कर्करोग बरा होतो असे दाखविणारी मोठी नियंत्रित चाचणी झालेली नाही. गाठ लहान असताना शस्त्रक्रियेने बरी होऊ शकणारी रुग्णा महिनोन् महिने तेलावर राहिली, तर ती हानी भरून निघत नाही.

*वृष्यत्व.* येथे संशोधन आपणास थबकून विचार करावयास लावते. भावप्रकाशाने फळाला शुक्रल आणि मगजाला वृष्य म्हटले आहे. उलट २००३ मध्ये आशियाई पुरुषविज्ञान नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या, जयपूर येथील अभ्यासात फळाच्या अर्काने नर उंदरांतील शुक्राणुनिर्मिती थांबल्याचे आढळले. मग ग्रंथ खोटा की प्रयोग खोटा? आमच्या मते घाईने कोणताही निवाडा करू नये. प्रयोगात दिलेला संपूर्ण फळाचा अर्क, आणि दूध-तुपात संस्कारित कल्प किंवा नुसती गोडंबी, ही एकच द्रव्ये नव्हेत. तथापि अपत्यप्राप्तीसाठी आलेल्या पुरुषाला भल्लातककल्प निःशंकपणे देणे, हा प्रयोग वाचल्यावर योग्य ठरणार नाही. जिज्ञासा म्हणून नव्हे, रुग्णहित म्हणून तरी सावधगिरी हवी.

एकाचा पुरावा दुसऱ्याला लागू होत नाही

वरील अभ्यासांकडे पुन्हा पाहावे. मद्रासचा कल्प दुग्ध-घृतसंस्कारित, मोहालीचे द्रव्य बियांतील, जयपूरचा अर्क संपूर्ण फळाचा. बाजारातील कच्चे तेल यांपैकी काहीच नव्हे. तरीही त्या तेलाच्या पत्रकावर या सर्व संशोधनांची गोळाबेरीज छापलेली असते. दुधात सिद्ध केलेल्या कल्पाची सुरक्षितता कच्च्या तेलाच्या नावावर जमा करता येत नाही. आपल्या परिभाषेत सांगावयाचे तर संस्कार बदलला की गुणांतर होते. 'संस्कारो हि गुणान्तराधानम्' हे तत्त्व शिकलेल्या आपल्यासारख्यांनी तरी ही चूक करू नये.

याच तत्त्वाला प्रयोगशाळेने दुजोरा दिला आहे. भल्लातकाच्या शोधनात गोमूत्र व गोदुग्धात प्रत्येकी सात दिवस भिजविणे आणि विटेच्या चुऱ्यात घासणे हा विधी प्रचलित आहे. जामनगरच्या अभ्यासकांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या कामात शोधनानंतर फळातील उरुशिऑलवर्गीय दाहक द्रव्यांचे प्रमाण घटते असे आढळले. विटेचा चुरा तेल शोषतो, दुधातील स्निग्धांश ते ओढून घेतो. पूर्वसूरींनी उपकरणांवाचून जे साधले, त्याची ही सुंदर पुष्टी आहे. मात्र 'घटते' म्हणजे 'नाहीसे होते' नव्हे. शोधित भल्लातकही उपविषच राहते.

विषबाधा

त्वचेचा उद्रेक सर्वांना दिसतो. वृक्कांवरील आघात दिसत नाही. १९७९ मध्ये वेल्लोर येथून एका रुग्णाची नोंद प्रसिद्ध झाली. बिब्ब्याच्या झाडाच्या चिकाशी संपर्क आल्यानंतर त्याच्या वृक्कांच्या बाह्य भागाचा नाश झाला होता. एका नोंदीवरून प्रमाण ठरत नाही, पण संभव निश्चित कळतो. मूत्रसंग्रहणीय गणातील या द्रव्याच्या प्रयोगात मूत्राचे प्रमाण कमी झाल्यास ते केवळ गुणकार्य समजून स्वस्थ बसू नये. प्रयोगापूर्वी आणि प्रयोगाच्या काळात मूत्रपरीक्षण व रक्तातील क्रिएटिनिन पाहण्याचा परिपाठ आम्ही ठेवला आहे. वैद्यबंधूंनीही तो ठेवावा अशी विनंती आहे.

पित्तप्रकृती, बालक, वृद्ध, गर्भिणी, रक्तस्रावी आणि वृक्कविकारी यांना भल्लातक देऊ नये. ग्रीष्म व शरद ऋतू, ऊन, अग्निसान्निध्य, लवण आणि अम्ल वर्ज्य करावे. काजूच्या टरफलाने किंवा आंब्याच्या चिकाने ज्यांना पुरळ उठते, त्यांना बिब्बाही उतण्याचा संभव असतो. म्हणून हा प्रश्न इतिवृत्तात अवश्य विचारावा.

घरोघरी बिब्बा दाभणाला टोचून दिव्यावर धरतात आणि गळणारे थेंब दुधात पाडून खोकल्यावर पितात, अथवा टाचेच्या भेगांवर चटके देतात. या पद्धतीत ना मात्रेचे मान असते ना शोधन. रुग्णाला रागे न भरता ती थांबविण्यास सांगावे.

बिब्बा उतल्यास खोबरेल तेल, तिळाचा कल्क, कोथिंबिरीचा रस हे उपाय परंपरेने योजले जातात. खोबरेलात चीक विरघळतो हे खरे, परंतु तेल पुसून न काढल्यास तो अधिक पसरतो. म्हणून तेल लावून लगेच कापडाने टिपावे, साबण व भरपूर पाण्याने धुवावे, नखे स्वच्छ करावीत आणि कपडे वेगळे धुवावेत. डोळ्यांना इजा, चेहऱ्यावर वाढती सूज, श्वासास त्रास किंवा मूत्र कमी होणे यांपैकी काहीही दिसल्यास रुग्णाला विनाविलंब यवतमाळच्या श्री वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात अथवा जवळच्या रुग्णालयात पाठवावे. यात कमीपणा मानण्याचे कारण नाही.

औषधनिर्माते व विक्रेते यांच्यासाठी

औषधे व सौंदर्यप्रसाधने नियम, १९४५ यांच्या अनुसूची ई (१) मध्ये गुंजा, धत्तूर, वत्सनाभ यांच्यासोबत भल्लातकाचा समावेश आहे. नियम १६१ नुसार या अनुसूचीतील द्रव्य असलेल्या पोटात घ्यावयाच्या औषधावर, वैद्यकीय देखरेखीखालीच घ्यावे अशी सूचना इंग्रजी व हिंदीत ठळकपणे छापणे आवश्यक आहे. अमृतभल्लातक तर यात येतेच. परंतु संजीवनी वटीतही भल्लातक आणि वत्सनाभ ही दोन्ही द्रव्ये आहेत, हे विक्रेत्यांच्या लक्षात अनेकदा राहत नाही. ती गोळी चिठ्ठीवाचून सहज हाती ठेवण्याची नव्हे. तसेच औषधे व जादूटोणा उपचार (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियम, १९५४ अन्वये कर्करोग बरा करण्याची जाहिरात करण्यास मनाई आहे. दुकानातील फलक आणि पत्रके या दृष्टीने तपासून पाहावीत.

कच्चा माल घेताना फळे पाण्यात टाकून पाहावीत. बुडणारी, जड फळे घ्यावीत, तरंगणारी टाकावीत. शोधनाची जागा व भांडी स्वतंत्र असावीत. कामगारांना पातळ रबरी हातमोजे पुरेसे होत नाहीत, कारण हे द्रव्य त्यातून झिरपते. जाड व्हिनाइलचे मोजे, लांब बाह्यांचे कपडे आणि डोळ्यांना चष्मा द्यावा. टाकाऊ कवचे उघड्यावर जाळू नयेत, धुरानेही उद्रेक होतो. आणि ज्या भगिनी गोडंबीसाठी बिब्बे फोडतात, त्यांच्याकडून माल घेणाऱ्याने हातमोजांचा खर्चही आपला समजावा. आपल्या औषधाची पहिली किंमत त्यांचे हात मोजतात.

रुग्णाला काय सांगावे

उपरोक्त विवेचनावरून आमचा अभिप्राय थोडक्यात असा. सांध्यांच्या शोथात, कफप्रधान व शुष्क अर्शात, योग्य प्रकृती पाहून, शोधित व स्निग्धकल्पनेतील भल्लातक अल्प मात्रेत, हिवाळ्यात आणि वैद्याच्या नजरेखाली योजण्यास परंपरेचा आधार आहे. त्यांपैकी शोथाच्या बाबतीत प्रयोगशाळेचाही आधार आहे. कर्करोगाच्या रुग्णाला मात्र स्पष्ट सांगावे की उंदरांवरील निष्कर्ष तुमच्यावर लागू झालेले नाहीत. आधी नागपूर किंवा सेवाग्राम येथे तपासणी व उपचार करून घ्या, आणि आमचे कोणतेही औषध तेथील डॉक्टरांना सांगितल्यावाचून घेऊ नका. दुष्परिणाम आढळल्यास त्याची नोंद आयुष औषधांच्या दक्षता यंत्रणेकडे करावी. नवी दिल्लीचे अखिल भारतीय आयुर्वेद संस्थान तिचे राष्ट्रीय समन्वय केंद्र आहे. आपल्या चुकांची नोंद आपणच ठेवली, तर आपल्या यशावर इतरांचा विश्वास बसेल.

त्या गोडंबी काढणाऱ्या भगिनी पंधरा दिवसांत बऱ्या झाल्या आणि पुढच्या हंगामापासून हातमोजे वापरू लागल्या. दुसऱ्या रुग्णेला आम्ही त्याच दिवशी पत्र देऊन नागपूरला पाठविले. तिच्या पिशवीतील अर्धी उरलेली बाटली आम्ही ठेवून घेतली असून ती आमच्या टेबलावर आहे. 'बिब्ब्याने कर्करोग जातो का हो?' असे कोणी विचारले की आम्ही आधी तिच्याकडे पाहतो आणि मग उत्तर देतो.